नाव भरली की

सरकीच्या पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर
मी प्रवास मांडायला घेतला:
अमळनेर, पहाटे साडेपाच. अंधार. कानटोपी.
मथुरा म्हणाली, साडेपाच तुमचे, की घड्याळाचे?
मी सहा केले.

पुढे तापी.
पुतण्याने मोबाइल पुढ्यात धरला,
निळी रेघ पुलावरून सरळ पलीकडे.
"काका, पूल शे ना. दोन मिनिटंमा पार."
तेच तर, म्हटलं.
पुलावरून तापी दिसते ती कठड्याच्या गजांमधून,
तुकड्या-तुकड्यांची,
आणि मागून ट्रकवाला हॉर्न देतो.

मथुराचं माहेर थाळनेरचं.
लग्नानंतर नावेतून आली अलीकडे,
सबंध नदीभर डोळे मिटून.
तापी मी पाहिलीच नाही, म्हणते,
नुसती ऐकली.

सुपडू भोईचा फोन पाचव्या दिवशी लागला.
फोनात वारा जास्त, सुपडू कमी.
"नाव कितला वाजता निंघस?"
"भरनी का निंघस."
"भरस कव्हय?"
"लोके उनात का."

मी 'नाव' लिहून
वेळेची जागा कोरी सोडली.
त्या कोऱ्या जागेखालचं सगळंच डुलायला लागलं:
थाळनेरच्या कबरी नऊला की अकराला,
शिरपुरात नाश्ता की शेवभाजीचं जेवण,
केळीच्या बागेत टेकायचं, ते ऊन चढण्याआधी की उतरल्यावर.
सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायचे.
घ्यायचे नाहीत.
हे दुसरं वाक्य मथुराने लिहायला लावलं,
खाली रेघ मारून.

संध्याकाळी सुपडूचाच उलट फोन:
वजन कितलं व्हई?

तीस वर्षं जिनिंगच्या काट्यावर होतो मी.
कापसात कुणी पाणी मारलंय,
हे मला मूठ दाबूनच कळायचं.
मोटारसायकल एकशे बारा.
मी एकाहत्तर.
पिशवी: कळण्याच्या भाकरी, ठेचा, बिबड्या,
पंक्चरचं सामान. धरा पाच.
मथुरा?
चौतीस वर्षांत हा आकडा
माझ्या कुठल्याच वहीत आलेला नाही.
"लिहा साठ," ती चुलीपासून म्हणाली,
थापणं न थांबवता.
लिहिले साठ.
आयुष्यात पहिल्यांदा
काट्यावर न ठेवता.

शहाद्यापुढे रस्ता वर बघायला लागतो.
तोरणमाळचा घाट. दोघांना घेऊन
गाडी चढेल का, ह्यावर घरात दोन मतं,
दोन्ही माझीच.
"वळणावर मी उतरेन," मथुरा म्हणाली,
"तुम्ही पुढे जाऊन थांबा.
पण दिसाल असे थांबा."
कॅरिअरवर गोधडी एकच मावते.
वर तळ्याकाठी रात्री थंडी किती,
ह्याचा अंदाज मी
पावतीवर कुठेच लिहिलेला नाही.

आणि परत कसं यायचं?
विचारलं मी. येताना पूल?
ती म्हणाली, आधी जाऊ तर द्या.

सुपडूचं शेवटचं सांगणं:
गाडी बांधायला दोर घरूनच आणा,
माझा उंदरांनी खाल्ला.
माळ्यावर सापडला,
रुईच्या गाठी आवळायचा जुना दोर.
झटकला तर कापसाचे तंतू
दिव्याभोवती फिरत राहिले,
खाली बसेचनात.

मथुराने खाटेच्या पायाला गाठ मारली.
मी वर बसलेलो, पावती मांडीवर,
कोऱ्या जागेकडे बघत.
तिने गाठ पक्की झाली का म्हणून
भिंतीला पाय लावून दोर ओढला.

गाठ धरली.
खाट हलली,
माझ्यासकट, वीतभर,
फरशीवरून.